राजाजीनगरात नवे आहात? आधी रविवारची निवेदनं ऐका

बदलीमुळे, नोकरीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही बंगळुरूच्या राजाजीनगरात राहायला आलात, की पहिले काही दिवस पत्ता समजण्यातच जातात. कुठला ब्लॉक, कितवा मेन, कितवा क्रॉस? 'मेन' म्हणजे मोठा रस्ता आणि 'क्रॉस' म्हणजे त्याला छेदणारी गल्ली, एवढं डोक्यात बसलं की निम्मं राजाजीनगर आपलं झालं. उरलेलं निम्मं मात्र नुसत्या पत्त्याने आपलं होत नाही. त्यासाठी माणसं लागतात. ती कुठे भेटली, हे आज तुम्हाला सांगते.

स्वतंत्र भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांचं नाव या वस्तीला मिळालं आहे. कारखाने आणि कामगारांची ही जुनी वस्ती. १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीच्या इथल्या जागेवर आज मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत. मराठी माणसाला हे नाव इथे ऐकून जरा बरं वाटतं. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर शेजारीच 'सँडल सोप फॅक्टरी' नावाचं स्टेशन आहे. म्हैसूर सँडलची वडी आपल्या घरात किती वर्षं येते आहे, आठवून बघा!

तर, माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आईच म्हणतो. सगळं आयुष्य अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तिथे काम सुरू केलं. त्या मिशनमधून वाढलेल्या मंडळींपैकी एक आईंची. महिला मंडळ, कापणीचा सण, नाताळातला फराळ, आजारी माणसाच्या घरी प्रार्थना, सगळीकडे त्या पुढे. बाबा गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं. जवळच्या सीएसआय मंडळीत पहिल्या रविवारी घेऊन गेलो, तर पूर्ण उपासना कन्नडमध्ये. आई शेवटच्या बाकावर 'उपासना संगीत' मांडीवर ठेवून गप्प बसून राहिल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मला काही कळत नाही गं. पुढच्या रविवारी तुम्ही जाऊन या."

पुढे दोन महिने त्या आल्या नाहीत. तुमच्या घरात गाव सोडून आलेलं कोणी वयस्क असेल, तर हे दोन महिने कसे असतात ते तुम्हाला माहीत असेल. माणूस जेवतो, झोपतो, टीव्ही बघतो आणि हळूहळू बोलणं कमी करतो.

मग एका रविवारी मी एकटीच गेले होते आणि शेवटी निवेदनं चालू होती. कन्नडमध्ये त्यांना 'प्रकटणे' म्हणतात. आपल्याकडच्या 'जाहीर प्रकटना'चीच बहीण! मी कान देऊन ऐकलं, तर शब्द ओळखीचे निघाले. प्रार्थनेला 'प्रार्थने', सेवेला 'सेवे', रक्तदानाला 'रक्तदान', उपासनेला 'आराधने'. आपण पाळक म्हणतो, ते 'सभापालकरु' म्हणतात. आपली स्तोत्रं म्हणजे त्यांची 'कीर्तनेगळु'. आणि सुगीला 'सुग्गी'! त्या दिवशीचं मुख्य निवेदन कापणीच्या सणाचं होतं. भाजी निवडायला, हार करायला, स्वयंपाकाला माणसं हवी होती.

मी घरी येऊन आईंना म्हटलं, "भाजी निवडायला भाषा लागत नाही ना?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पण शनिवारी सकाळी स्वतःची विळी पिशवीत घालून त्या दारात उभ्या होत्या.

कापणीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं किंवा बाजारातून घेतलेलं पहिलं फळ, धान्य, भाजी, कोंबडी असं अर्पण आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. नगरला होतो, तसाच इथे. एका लाल भोपळ्यावर आईंनी बोटं दाखवत बोली लावली. समोरच्या आजी कन्नडमध्ये 'नूरु' म्हणाल्या, म्हणजे शंभर. आईंनी मराठीत 'दीडशे' म्हटलं. सगळे हसले. भोपळा आईंचा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे घारगे त्याच आजींच्या घरी गेले.

आता थोडी माहिती, तुमच्या उपयोगाची. चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे सीएसआय, २७ सप्टेंबर १९४७ रोजी चेन्नईत स्थापन झाली. अँग्लिकन, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळी तिच्यात एकत्र आल्या. आपल्याकडची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली. दोघी एकमेकींना मानतात, त्यामुळे गावच्या मंडळीचं पत्र आणलंत तर इथे सभासद होणं सोपं जातं. कर्नाटकात सीएसआयचे तीन धर्मप्रांत आहेत: बंगळुरूचा मध्य, धारवाडचा उत्तर आणि मंगळुरूचा दक्षिण. मध्य धर्मप्रांताचं कार्यालय बंगळुरूच्या मिशन रोडवर आहे.

एक रविवार मोकळा ठेवून राजाजीनगरहून मेट्रोने पाच स्टेशनं पुढे चिकपेटला जा. तिथल्या अव्हेन्यू रोडच्या गर्दीत राइस मेमोरियल चर्च उभं आहे. बेंजामिन होल्ट राइस या मिशनऱ्याचं नाव त्याला दिलं आहे. त्यांचे चिरंजीव बी. एल. राइस यांनी म्हैसूर राज्यातले हजारो शिलालेख गोळा करून छापले. महापालिकेजवळचं हडसन मेमोरियल चर्चही बघा. आणि घरातल्या मराठी पवित्र शास्त्राचं पहिलं पान उघडून पाहा. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर आहे. आपल्या घरातल्या पुस्तकावर या शहराचं नाव आपण येण्याआधीपासून होतं!

मंडळीत स्वयंसेवक कुठे लागतात?

मुलांसाठी: एप्रिल-मेच्या सुट्टीत बायबल शाळा भरते. गाणी, चित्रं, खाऊ यासाठी तरुण मुलं हवी असतात. कॉलेजातल्या मुलांना पाठवा, भाषा आठ दिवसांत येते. मुलांबरोबर काम करताना नेहमी दोन मोठी माणसं असावीत, हा नियम तुमच्या मंडळीत नसेल तर आग्रहाने सुचवा.

रुग्णांसाठी: निम्हान्स, किदवई अशा मोठ्या रुग्णालयांत सीमाभागातूनही रुग्ण येतात. मराठी आणि थोडं कन्नड बोलणारा माणूस सोबत असला, की नातेवाइकांचा अर्धा घोर कमी होतो. मात्र रुग्णालयाची परवानगी घेऊनच जा, आणि औषधाबद्दल सल्ला देऊ नका.

रक्तदान: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने अंतर ठेवावं.

घरभेटी: एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे आठवड्यातून अर्धा तास. याला पैसा, कौशल्य काहीच लागत नाही, म्हणूनच याला माणसं सगळ्यात कमी मिळतात.

एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर मंडळीच्या नावाने मदतीचं आवाहन आणि पैसे भरायचा क्यूआर कोड आला, तर आधी पाळकांना किंवा कमिटीला विचारा. खरं निवेदन रविवारी सगळ्यांसमोर वाचलं जातं.

आईंना अजूनही पूर्ण कन्नड येत नाही. उपदेश चालू असताना त्या डोळे मिटून बसतात. प्रार्थना करतात की डुलकी घेतात, ते त्यांनाच ठाऊक. पण निवेदनं सुरू झाली की ताठ बसतात आणि मला कोपर मारून विचारतात, "काय म्हणाले? कुठे जायचंय?"

तुम्हीही येत्या रविवारी, मंडळी कुठलीही असो, शेवटच्या प्रार्थनेआधी उठू नका. निवेदनं ऐका. त्यातलं एक काम तुमच्या हातांना येत असेल.