मामांचा अॅम्प्लिफायर आणि शंभर वर्षांचे भांडण

१/
पुण्यातील माझ्या मामांच्या दिवाणखान्यात दोन माणसांची मैत्री एका अॅम्प्लिफायरपायी तुटली. गेल्या वर्षी मामा गेले. अॅम्प्लिफायर माझ्याकडे आला आणि त्याच्यासोबत ते भांडणही आले. ध्वनिप्रेमी माणसे नामांकित, महागड्या कंपन्यांवरून इतकी इरेला का पेटतात, याचा माग काढताना हाती लागलेला इतिहास या मालिकेत मांडतो आहे.

२/
मामांचे यंत्र म्हणजे क्वाड ४०५. इंग्लंडमध्ये १९७५ साली निघालेले, ट्रान्झिस्टरचे, प्रत्येक बाजूस १०० वॉटचे. आखातातून परतणाऱ्या एका नातलगाने ते आणले. मामांची वर्षभराची शिल्लक त्यात गेली. त्यांचे मित्र, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, यांनी आपला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर स्वतः बांधला होता. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग जमवून, विल्यमसन यांच्या १९४७ च्या आराखड्यावरून. शक्ती अवघी १५ वॉट.

३/
एका रविवारी मामांकडे मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लागली होती. काका म्हणाले, "तुझ्या डब्यातून बुवा बँकेत खातेवही लिहिल्यासारखे गातात." मामा बँकेतच होते. त्यांनी उत्तर दिले, "तुझ्या व्हॉल्व्हची ऊब फक्त हात शेकायला बरी." पुढे अकरा वर्षे बोलणे बंद. नंतर लग्नकार्यात भेट होई, पण गाणे ऐकायला दोघे पुन्हा एकत्र बसले नाहीत.

४/
हे भांडण त्यांच्या जन्माआधीचे आहे. १९१५ पासून एडिसन यांच्या कंपनीने अमेरिकेत 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर प्रयोग सुरू केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. सभागृहात अंधार होई, गायिका मध्येच थांबे, तबकडी चालू राहे. दिवे लागले की श्रोते थक्क होत, कारण गाणारे यंत्र होते.

५/
आजचा कान त्या तबकड्यांना मूळ गळा समजणार नाही. मग तेव्हाचे श्रोते फसले कसे? या प्रयोगांत गाणाऱ्या अॅना केस यांनी उतारवयात सांगितले, की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी मिळवून घेत. नक्कल मुळासारखी आहे हे सिद्ध करण्यासाठी मुळानेच नकलेची नक्कल केली! 'अस्सल आवाज' या कल्पनेचा पाया आरंभापासूनच असा डळमळीत आहे.

६/
दुसऱ्या महायुद्धानंतर मोजमापाचे युग आले. १९४५ मध्ये हॅरोल्ड लीक यांनी 'पॉइंट वन' अॅम्प्लिफायर काढला. विकृतीचे प्रमाण ०.१ टक्के, हेच त्याचे नाव आणि हीच त्याची जाहिरात. दोन वर्षांनी विल्यमसन यांचा आराखडा 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. क्वाडचे जनक पीटर वॉकर यांचा आग्रह एकच: यंत्राने स्वतःचे काहीही मिसळू नये.

७/
या मतास आव्हान दिले ते अमेरिकेतील नियतकालिकांनी. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' काढले. १९७३ मध्ये हॅरी पिअरसन यांचे 'द अॅब्सोल्यूट साउंड' आले. त्यांचे म्हणणे असे, की आकडे सारखे असूनही यंत्रे निराळी ऐकू येऊ शकतात; म्हणून न्यायाधीश कानच, आणि कसोटी म्हणजे सभागृहातील ध्वनिवर्धकाविना होणारे संगीत.

८/
त्याच सुमारास ग्लासगोच्या लिन कंपनीने तिसरा मापदंड आणला. आयव्हर टिफेनब्रन यांचा प्रश्न साधा होता: सूर धरून पाय ठेका देऊ लागतो का? म्हणजे मापदंड तीन झाले: मोजमाप, मैफलीची आठवण आणि मनाचा प्रतिसाद. 'हे यंत्र चांगले' हे वाक्य तिन्ही पंथ उच्चारतात, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. निम्मे भांडण इथेच जन्मते.

९/
उरलेले निम्मे कसाला लागले ते पडद्याआडच्या चाचण्यांत. १९७८ मध्ये वॉकर यांनी आपलीच तीन यंत्रे तपासायला दिली: व्हॉल्व्हचे क्वाड टू, ट्रान्झिस्टरचे ३०३ आणि ४०५. नावे झाकून ऐकल्यावर परीक्षकांना त्यांतला फरक अंदाजापलीकडे सांगता आला नाही. निष्कर्ष 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापून आला. मामा आणि काकांचा वाद सुरू होण्याआधीच त्याचे उत्तर छापलेले होते, आणि ते दोघांपैकी कोणीही वाचले नव्हते.

१०/
१९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल'च्या संपादकांना आव्हान दिले: तुमच्या आवडीचा महागडा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर आणा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टर मी त्याच्यासारखा करून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी दोन यंत्रांतील फरक मोजून मोजून मिटवला. संपादकांनी हार मान्य केली. पुढे कारखान्यात बनलेली प्रत तशीच आहे का, यावर वाद झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. भांडण संपत नाही ते असे.

११/
१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले: एकदा दिसतील असे, एकदा पडद्याआड. गुण बदलले. मोठ्या, भारदस्त स्पीकरांना डोळ्यांनी जे गुण दिले होते, ते पडद्याआड कानांनी काढून घेतले. हे श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतीलच होते. जाणकारीमुळे पूर्वग्रह टळत नाही.

१२/
'सगळे भास आहेत' असा निष्कर्ष मात्र काढू नका. स्पीकर आणि खोली यांमुळे पडणारा फरक खराच, आणि मोठाही असतो. काही अॅम्प्लिफायरही खरोखर वेगळे वाजतात. ३०० बी व्हॉल्व्हचे, फीडबॅकविना चालणारे यंत्र घ्या: त्याचा अंतर्गत रोध जास्त असतो, स्पीकरचा रोध स्वरागणिक बदलतो, म्हणून काही स्वर उठून येतात, काही दबतात. हा फरक मोजताही येतो. तो गोड की चुकीचा, हे मापक सांगत नाही.

१३/
मग नावाचे काय? मार्क लेव्हिन्सन यांनी १९७२ मध्ये आपल्या नावाची कंपनी काढली. १९८४ मध्ये ते बाहेर पडले आणि स्वतःचे नाव मागेच राहिले. आज ते नाव हरमनकडे आहे आणि हरमन २०१७ पासून सॅमसंगकडे. वुडस्टॉकच्या १९६९ च्या महोत्सवात ज्यांचे अॅम्प्लिफायर होते ती मॅकिंटॉश २०२४ मध्ये बोसकडे गेली. आपण ज्या घराण्याची बाजू घेऊन भांडतो, त्याचे वारसदार केव्हाच बदललेले असतात.

१४/
ताजे उदाहरण २०२२ चे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध. डिजिटलचा स्पर्श नाही, या समजुतीने लोक त्या घेत. त्यांतील अनेकांच्या निर्मितीत एक डिजिटल टप्पा वर्षानुवर्षे होता, हे उघड झाले. डिजिटल आवाज कानाला बोचतो असे म्हणणाऱ्यांनीच त्या तबकड्या वाखाणल्या होत्या. ग्राहकांचा संताप रास्त होता, कारण गोष्ट लपवली गेली होती. पण त्यांच्या कानांनी दिलेली साक्षही तिथेच नोंदली गेली.

१५/
हे सारे वाचत असताना माझाही स्वार्थ होता. मामांचे यंत्र विकून सहा आकडी किमतीचे नवे घ्यावे, असे मनात होते. आधी एकदा तपासून पाहू म्हणून काकांना फोन केला. ऐंशीच्या घरातले काका आपला अॅम्प्लिफायर रिक्षात घालून आले. स्पीकर तेच ठेवले. मल्टीमीटरने दोन्ही यंत्रांचा आवाज समान केला. किंचित मोठा आवाज कानाला 'सरस' वाटतो, म्हणून हे आवश्यक. मध्ये चादर बांधली. मामेबहीण नाणे उडवून तारा बदलत होती. तबकडी तीच, मन्सूरांची.

१६/
सोळा वेळा ऐकले. नुसत्या अंदाजाने सरासरी आठ उत्तरे बरोबर यावीत. बारा आली असती, तर फरक ऐकू येतो म्हणायला आधार मिळाला असता. काकांची नऊ बरोबर आली, माझी सात. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अकरा वर्षं, अरे. अकरा वर्षं मी त्याच्याकडे गाणं ऐकलं नाही."

१७/
थोड्या वेळाने त्यांनी चादर काढायला लावली आणि दोन्ही यंत्रे पुन्हा ऐकली. डोळे मिटून हसले. "आता बघ, माझाच गोड वाटतोय." खोटे बोलत नव्हते. स्वतःच्या हाताने जोडलेली तार दिसताच त्यांना ती ऐकू येत होती. मामांनाही आपल्या वर्षभराच्या शिलकीचा आवाज असाच ऐकू येत असणार. त्या रविवारी एकाने दुसऱ्याच्या यंत्राला नावे ठेवली. लागले मात्र एकाच्या कष्टांना आणि दुसऱ्याच्या कारागिरीला.

१८/
अॅम्प्लिफायर मी विकला नाही. काका आता महिन्यातून एकदा येतात. पडदा लावत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी यातून एक सवय जरूर उचलावी: कोणी 'हेच अस्सल' म्हणाले, की कोणत्या मापदंडाने, हे आधी विचारावे. तुमच्या घरी अशी जुनी यंत्रे आणि असे जुने वाद असतील, तर खाली अवश्य लिहा. आणि ज्याच्याशी वाद झाला तो माणूस हयात असेल, तर आधी त्याला फोन करा.