उतरत्या विमानांमधील अंतर

मुंबईहून नागपूरकडे जाणारे विमान आर्वी-पुलगावच्या आकाशात दिसू लागते, तेव्हा खालून पाहणाऱ्यास ते अद्याप निवांतपणे मार्गक्रमण करीत आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सोनेगावच्या धावपट्टीवर ते कोणाच्या मागे आणि किती अंतराने उतरावयाचे, याची तजवीज तोवर बहुतांशी सुरू झालेली असते, आणि ही तजवीज हाच माझ्या व्यवसायाचा गाभा होय. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली, तर मागच्या गाडीवानास बैल सोडून सावलीला बसण्याची मुभा असते. विमानाला ती नाही.

आमच्या भागात या विद्येची कसोटी फार पूर्वी लागली. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या शहरी परतत. चौघांनी एकाच सुमारास पोहोचावे हीच त्या योजनेची खुबी, आणि नियंत्रकापुढील पेचही तोच. कारण रडार नसल्यामुळे वैमानिकाने रेडिओवरून कळविलेले स्थान, उंची आणि भिंतीवरचे घड्याळ यांवरच त्याची सारी भिस्त असे.

आज रडार आहे, परंतु हवेचा स्वभाव बदललेला नाही. विमानाच्या पंखांच्या टोकांपासून दोन भोवरे सुटतात, आणि विमान जितके जड तितके ते प्रबळ. म्हणून बोइंग 777च्या मागे एअरबस 320 येत असेल, तर आंतरराष्ट्रीय दस्तुराप्रमाणे त्यांच्यात 5 सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर, अंतर राखावे लागते. नवशिक्या नियंत्रकास वाटते की पडद्यावर 5 मैल दिसले म्हणजे काम झाले. तसे नसते. दोन्ही विमाने 180 नॉट वेगाने येत असता त्यांच्यातील 5 मैल म्हणजे 100 सेकंद. धावपट्टी जवळ आल्यावर पुढच्याने वेग 140 नॉटवर आणला, की मागचे विमानही तितके मंदावेपर्यंत त्या 100 सेकंदांत जेमतेम 3.9 मैलच उरतात. तेव्हा शेवटी 5 हवे असतील, तर आरंभी साडेसहाच्या आसपास धरणे भाग पडते, आणि हे गणित विमान पुष्कळ दूर असतानाच करावयाचे असते.

त्यात समोरून वारा जोराचा असला, की तेच मैल ओलांडण्यास अधिक वेळ लागतो आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. यास्तव लंडनच्या हीथ्रोवर 2015 पासून अंतर मैलांऐवजी सेकंदांत मोजू लागले, ही माझ्या मते आमच्या क्षेत्रातील अत्यंत विचारपूर्वक केलेली सुधारणा आहे.

मुंबईची गोष्ट याहून कठीण. तेथील दोन्ही धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच अंमल चालतो, आणि उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीतून एक उड्डाणही काढावे लागते. उतरलेले विमान वेळेत बाजूला झाले नाही, तर मागच्यास गो-अराउंडचा हुकूम देण्यावाचून गत्यंतर नसते. तो देताना क्षणभरही संकोच करू नये, असे मी प्रत्येक नव्या नियंत्रकास आग्रहाने सांगत आलो आहे. पुन्हा वर गेलेल्या त्या विमानासाठी मात्र ॲप्रोच नियंत्रकाला रांगेत नवी जागा करावी लागते, आणि त्यापायी कोठेतरी दूरवर, क्वचित नाशिकच्याही अलीकडे, दुसऱ्या कोणास वेग कमी करण्यास सांगितले जाते.