भोरडी: पाहुणी की घुसखोर?

मुलांनो, धारणीला यायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. परतवाड्याहून एस.टी. निघते आणि सेमाडोह, हरिसाल मागे टाकत मेळघाटातून वळणं घेत येते. त्या दिवसांत साग उघडाबोडका झालेला असतो आणि मधे मधे पळस नुसता पेटलेला. मी मूळचा अकोल्याकडचा. इथे शिक्षक म्हणून आलो तेव्हा मला कावळा, चिमणी अन् साळुंकी एवढेच पक्षी ओळखता येत. बाकीचे मला मुलांनी शिकवले.

शाळेमागे शिक्रा येतो. पारव्याएवढा, पाठ राखाडी, पोटावर तांबूस आडव्या रेघा. पूर्वी ससाणे-बाज पाळून शिकार करणारे नवशिके लोक याच्यावरच हात बसवत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता त्याला पकडता किंवा पाळता येत नाही. अमेरिकेत मात्र परवाना काढून हा छंद करता येतो. तिथल्या नवशिक्याला आधी पाखरं ओळखावी लागतात. तिथल्या बहुतेक देशी पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे. चिमणी, पारवा आणि स्टार्लिंग नावाची युरोपातली मैना यांना नाही. कारण ही तिघं माणसांनी बाहेरून नेलेली. चिमणी १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये सोडली, स्टार्लिंग १८९० साली न्यूयॉर्कच्या बागेत.

हे वर्गात सांगून मी मोकळा झालो. चूक तिथंच झाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतला एक पोरगा पळसाखाली गुलेल ताणून उभा. वर भोरड्यांचा थवा फुलांतला मध पीत होता.

"गुरुजी, हे तं बाहेरदेशचं पाखरू आहे न? मंग मारलं तं चालते!"

मी ओरडलोच. खडा फांदीला लागला, थवा भर्रकन उडाला. भोरड्या मध्य आशियातून येतात, हेही मीच सांगितलं होतं ना!

मग तिथंच सावलीत बसलो. भोरडी बघा: अंग गुलाबी, डोकं, पंख, शेपूट काळी. ती हजारो मैल स्वतःच्या पंखांनी येते, एप्रिलपर्यंत परत जाते आणि तिकडे टोळ खाऊन पिल्लं वाढवते. तिला कोणी पिंजऱ्यात घालून आणलेलं नाही. ती पाहुणी. माणसांनी उचलून नेलेला आणि तिथल्या पाखरांच्या ढोल्या बळकावणारा, तो घुसखोर.

"असा कोन आहे इथं?"

मी कुंपणाकडे बोट केलं. साळुंकी बसली होती, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा डाग. इथं ती घरचीच. पण १८६२ साली पिकांवरचे किडे खायला म्हणून तिला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेलं आणि आता तिथल्या पोपटांना ढोल्या मिळेनात! २००० साली जगातल्या शंभर उपद्रवी घुसखोर जीवांची यादी निघाली. तिच्यात पक्षी तीनच: स्टार्लिंग, आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल. पोरांचा विश्वासच बसेना. बुलबुल? तो तर बोरीवर घरटं करतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात!

तेवढ्यात तो गुलेलवाला म्हणाला, "मंग गुरुजी, तुमी कोन? तुमी बी तं बाहेरून आले."

पोरं खो-खो हसली. मी म्हटलं, "मी दर दिवाळीला अकोल्याला जाऊन येतो. भोरडीच समज."

गुलेल माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो रोज मागतो.