खरा, खोटा आणि तिसरा

गेल्या वर्षी मुलाच्या साखरपुड्यात होणाऱ्या सुनेच्या बोटात अंगठी गेली, आणि टाळ्या थांबायच्या आत तिच्या आजी शेजारी बसलेल्या आमच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "हिरा खरा आहे ना हो?" प्रश्नात खोच नव्हती. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईंनी स्वतःच्या कानांतल्या हिऱ्यांच्या कुड्या आयुष्यात दोनदा गहाण ठेवल्या होत्या आणि दोनदा सोडवून आणल्या होत्या, हे आम्हांला पुढे कळले. पण त्या वेळी आमच्यातला प्राध्यापक जागा झाला. आम्ही म्हणालो, "आजी, खरा आहे, पण खाणीतला नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला आहे." आणि मग सिएरा लिओनचे यादवी युद्ध, खाणींतले मजूर, जमिनीला पडणारी भगदाडे असे एक छोटेखानी व्याख्यानच आम्ही तिथल्या तिथे दिले. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे खोटा."

त्या दोन शब्दांनी आमची जी पंचाईत केली, तिच्यातून हा लेख निघाला आहे.

मराठीला दागिन्यांच्या बाबतीत दोनच विशेषणे मनापासून ठाऊक आहेत: खरा आणि खोटा. 'कृत्रिम', 'मानवनिर्मित' ही सरकारी परिभाषा झाली. 'अमेरिकन डायमंड' हे बाजाराने दिलेले टोपणनाव, तेही झिर्कोनियाच्या खड्याला, म्हणजे जो हिरा नाहीच त्याला. परंतु या तिसऱ्या वस्तूसाठी भाषेत अजून घर नाही. 'खोटा' या शब्दात 'खोट' आहे. खोट म्हणजे दोष, उणीव. त्या अर्थाने पाहू गेल्यास प्रकरण उलटेच होते. खाणीतून निघणाऱ्या बहुतेक हिऱ्यांत कार्बनच्या जोडीला थोडा नायट्रोजन शिरलेला असतो. ज्यांत तो जवळजवळ नसतो असे हिरे फार थोडे. गोवळकोंड्याच्या ज्या हिऱ्यांची नितळता दंतकथेसारखी सांगितली जाते, ते या विरळ जातीचे. कोहिनूरही याच जातीचा. आणि मिथेन वायूपासून प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे? तेही बहुधा याच जातीचे. तेव्हा खोट कोणात अधिक, हे सांगणे सोपे नाही.

जुन्या कसोट्याही इथे कामाच्या नाहीत. अस्सल हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही, ही समजूत पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीपासून आमच्या तुकोबांपर्यंत सर्वत्र आढळते. काव्य म्हणून ती प्रतिमा अभेद्य आहे. हिरा मात्र नाही. हिरा कठीण असतो, म्हणजे त्याच्यावर दुसऱ्या पदार्थाने ओरखडा उमटत नाही. पण तो ठिसूळही असतो, आणि त्याच्या स्फटिकातल्या विशिष्ट पातळ्यांवर घाव बसला तर सरळ दुभंगतो. या कसोटीने किती अस्सल हिरे खोटे ठरून चुरा झाले असतील कोण जाणे. (समीक्षेतही असे घण पुष्कळ आहेत, असो.) वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यांचे रंगांवरून चार वर्ण लावलेले आहेत. म्हणजे दगडालाही जात चुकली नाही. आजच्या सराफाच्या हातात उष्णतावहन मोजणारी लेखणीसारखी एक काडी असते. ती झिर्कोनिया ओळखते, पण खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा दोन्हींना सारखाच होकार देते. फरक ओळखायला महागडी वर्णपटमापक यंत्रे लागतात. नुसत्या डोळ्याला, मग तो कितीही मुरलेल्या जवाहिऱ्याचा असो, तो दिसत नाही.

हा हिरा कसा होतो, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या साहाय्याने कार्बनचे हिऱ्यात रूपांतर केले आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये कंपनीने ते जाहीर केले. (स्वीडनमधील एका कंपनीने ते १९५३ मध्येच साधले होते, पण गुप्त ठेवले. प्रकाशित न केलेल्या कवितेसारखी त्यांची गत झाली.) ते हिरे म्हणजे बारीक कणी, हत्यारांना धार देण्यापुरती. दागिन्यात बसेल असा खडा मिळायला १९७० उजाडावे लागले. दुसरी रीत अधिक मोहक आहे. हिऱ्याची एक पातळ चकती 'बीज' म्हणून निर्वात कोठीत ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन आत सोडतात, सूक्ष्मलहरींनी त्यांचा तप्त, झगझगीत प्लाझ्मा करतात, आणि मग कार्बनचे अणू त्या बीजावर थरावर थर बसत जातात. काही आठवड्यांत खडा तयार. भूगर्भात दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, अब्जावधी वर्षे जे झाले ते इथे गणपती ते दसरा एवढ्या काळात होते.

या बीजाने आम्हांला केशवसुतांची आठवण झाली. १८९२ साली त्यांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतले पहिले सुनीत लिहिले. इटलीत जन्मलेल्या, इंग्रजीत वाढलेल्या रचनेची चौदा ओळींची चकती मराठीच्या कोठीत ठेवून त्यांनी तिच्यावर मराठी अक्षरांचे थर चढवले. त्या सुनीताला आज कोणी खोटे म्हणत नाही. विषय तरी कोणता घेतला, तर रत्नांनी मढवलेले सिंहासन! हा योगायोगच, पण वर्गात सांगायला बरा.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर मोपासाँबद्दल. 'द नेकलेस' या नावाने इंग्रजीच्या पाठ्यक्रमांत ठाण मांडून बसलेली त्याची १८८४ ची कथा आम्ही किती वर्षे शिकवली याची गणती नाही. मातील्द मैत्रिणीचा हार हरवते, छत्तीस हजार फ्रँकांचा दुसरा घेऊन परत करते, दहा वर्षे कर्ज फेडते, आणि शेवटी कळते की मूळ हार खोटा होता. पण त्याच्या आदल्या वर्षी मोपासाँने नेमकी उलटी कथाही लिहिली होती, 'दागिने' नावाची. तीत पत्नीचे सारे दागिने खोटे आहेत अशी पतीची खात्री असते. तिच्या मृत्यूनंतर तो ते विकायला नेतो आणि ते अस्सल निघतात. मग ते तिला दिले कोणी, हा प्रश्न त्याच्या डोक्यात वीज पडावी तसा उभा राहतो. दोन्ही कथांत खडा स्वतः मुका आहे. खरे-खोटे सांगतो तो बाजार. आमच्या तिसऱ्या हिऱ्याने या दोन्ही कथानकांचा कणाच मोडतो. मातील्द आज जन्मली असती तर तिने हरवलेल्या हाराच्या जागी प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा हार आणून दिला असता, मैत्रिणीला फरक कळला नसता, आणि जगाला एक उत्तम कथा मिळाली नसती.

याहूनही गमतीची गोष्ट प्रूस्तची आहे. आँरी लेम्वान नावाच्या एका फ्रेंच माणसाने आपण भट्टीत हिरे तयार करू शकतो असे सांगून डी बिअर्स कंपनीचे संचालक सर ज्युलियस वेर्न्हर यांच्याकडून मोठी रक्कम उकळली. १९०८ च्या आरंभी हे बिंग फुटले, खटला गाजला, १९०९ मध्ये त्याला शिक्षा झाली. भट्टीतून निघालेले हिरे त्याने आधीच आणून ठेवलेले, खाणीतलेच होते. म्हणजे खोट्या हिऱ्यांच्या नावाखाली खरे हिरे दाखवून केलेली ही फसवणूक. मार्सेल प्रूस्तकडे डी बिअर्सचे समभाग होते. त्याने या प्रकरणावर 'फिगारो'त लेखमाला लिहिली आणि तीत एकच हकीकत बाल्झाक, फ्लोबेर, गाँकूर बंधू, मिशले, रनाँ अशा एकेकाच्या शैलीत सांगितली. नकली हिऱ्यांवर नकली शैलींतून लिहिलेले ते लेख १९१९ मध्ये पुस्तकरूपाने आले. या नकलांतून मोकळा होतच प्रूस्त स्वतःच्या शैलीपाशी पोहोचला, असे त्याचे अभ्यासक मानतात. अनुकरण म्हटले की नाक मुरडणाऱ्या आमच्या मराठी समीक्षेने हे प्रकरण एकदा तरी नीट वाचावे.

पण आजींना आम्ही प्रूस्त सांगितला नव्हता. नीती सांगितली होती. तेव्हा तिचा हिशेब चुकता करणे भाग आहे.

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात बंडखोरांनी हिऱ्यांच्या पैशावर युद्ध चालवले, माणसांचे हात तोडले, हे खरेच आहे. त्यावर उपाय म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया अमलात आली. पण तिची व्याख्या वाचावी, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तर मुद्दाम वाचावी. 'संघर्षाचा हिरा' म्हणजे वैध सरकारांविरुद्धच्या युद्धाला पैसा पुरवण्यासाठी बंडखोरांनी वापरलेला कच्चा हिरा. म्हणजे हिंसा सरकारनेच केली तर हिरा निष्कलंक! २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे खाणीवर तिथल्या लष्करानेच खाणकामगारांना ठार मारले, आणि ही व्याख्या कोरडी राहिली. या प्रक्रियेच्या उभारणीत पुढाकार घेणारी ग्लोबल विटनेस ही संस्था २०११ मध्ये तिच्यातून बाहेर पडली, ती उगाच नव्हे. एका वाक्याच्या रचनेवर इतकी माणसे अवलंबून असल्याचे उदाहरण आमच्या व्याकरणाच्या तासाला आम्हांला कधी सापडले नव्हते.

इथवर आमची बाजू भक्कम होती. परंतु बोट्स्वानाचे काय? १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या दरिद्री देशात पुढच्याच वर्षी हिरे सापडले. त्या पैशातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, रस्ते झाले. खाणीतल्या हिऱ्याकडे पाठ फिरवणारा आमच्यासारखा सुजाण ग्राहक त्या शाळेकडेही पाठ फिरवतो. आणि प्रयोगशाळेतला हिरा हवेतून होतो म्हणून हलका, हेही अर्धेच खरे. ती कोठी अनेक दिवस अखंड विजेवर धगधगत असते, आणि आपल्याकडची बहुतांश वीज अजून कोळशातून येते. म्हणजे 'कोळशाच्या खाणीतला हिरा' हा वाक्प्रचार विज्ञानाने असा शब्दशः खरा करून दाखवला! अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द वगळला, तेव्हा या उद्योगाला आनंद झाला. पण त्याच आयोगाने २०१९ मध्ये 'पर्यावरणस्नेही' असा मोघम दावा करणाऱ्या जाहिरातदारांना ताकीदपत्रेही धाडली.

आणि सुरत. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते तिथल्या घंटीवर. कारागिराला तिथे 'रत्नकलाकार' असा भारदस्त शब्द आहे. मजुरी मात्र बहुधा नगावर. खाणीतला असो वा कोठीतला, हिरा त्याच बोटांखालून जातो. २०२२ नंतर रशियन हिऱ्यांवर निर्बंध आले, चीनची मागणी घटली, आणि दुसरीकडे प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव कोसळले. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि जुलै २०२४ मध्ये कामगारांच्या संघटनेला त्या रोखण्यासाठी मदतीचा दूरध्वनी सुरू करावा लागला. आमच्या अंगठीतल्या खड्याला पैलू पाडणाऱ्याला त्या दिवशी किती मिळाले, हे त्या सुंदर प्रमाणपत्रावर छापलेले नाही. वजन, रंग, स्वच्छता, घडण यांचे आकडे आहेत. कंगोऱ्यावर लेसरने कोरलेला, डोळ्यांना न दिसणारा क्रमांकही आहे. माणूस नाही.

आता कबुलीकडे वळावे. आम्ही ती अंगठी नीतीसाठी घेतली नव्हती. दुकानात आम्ही दोघे पती-पत्नी गेलो ते खाणीतल्या हिऱ्याची अंगठी घ्यायला. किंमत ऐकली. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, सभागृहाचे भाडे आणि जेवणावळ मनातल्या मनात मांडून झाली. विक्रेत्या मुलाने आमचे चेहरे वाचले आणि दुसरा तबक पुढे सरकवला: तेच तेज, आकार थोडा मोठाच, किंमत कितीतरी कमी. नीती आम्हांला सुचली ती घरी परतताना रिक्षात. मुक्कामी पोहोचेपर्यंत तिचे व्याख्यान झाले होते.

सूनबाईने हे ओळखले होते. लग्नानंतर एकदा चहा घेताना ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी आजीला तुम्ही एवढं सगळं सांगितलंत. परवडणारी होती म्हणून घेतली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं की." आम्ही वर्तमानपत्र उघडले. 'परवडणे' हा शब्द उच्चारण्यापेक्षा सिएरा लिओन उच्चारणे आम्हांला सोपे वाटले होते. पुढे पुष्कळ दिवस आम्ही या एका गोष्टीची लाज बाळगून होतो, अंगठीची नव्हे.

आजींचा प्रश्न खरे तर अर्थशास्त्राचा होता, हे आम्हांला उशिरा उमगले. त्यांच्या लेखी खरा हिरा तो, जो अडीनडीला सावकाराच्या दारात उभा राहतो. एकदा यजमानांची गिरणी बंद पडली म्हणून, एकदा धाकट्याच्या शस्त्रक्रियेसाठी, त्या कुड्या उभ्या राहिल्या होत्या. आमचा हिरा तिथे उभा राहणार नाही. गेल्या दिवाळीत अंगठी सैल होते म्हणून सराफाकडे नेली, तेव्हा सहज विचारले. तो म्हणाला, "मोडायची झाली तर सोन्याचे पैसे देऊ. खड्याचे नाही." याचे नवल वाटू नये. स्वतः डी बिअर्सने २०१८ मध्ये कॅरटला आठशे डॉलर भावाने असे दागिने विकायला काढले होते; भाव उतरत गेले आणि २०२५ मध्ये तो विभाग बंद करण्याचे जाहीर झाले. स्त्रीधन म्हणून पाहिले तर आम्ही सुनेला घडणावळीसह थोडे सोने आणि एक चमक दिली.

हे आजींना सांगायला आम्ही मुद्दाम गेलो. त्या अंथरुणावर बसून वाती वळत होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "मग बरंच झालं. हरवली तर पोरीला रडायला नको." आणि नातीला पुढच्या महिन्यात येऊन कुड्या घेऊन जायला सांगा, असा निरोप दिला.

सून ती अंगठी काढत नाही. कणीक मळतानाही नाही. मग ती खड्याच्या मागच्या घरात जाऊन वाळते, आणि रविवारी सकाळी आमचे चिरंजीव जुन्या टूथब्रशने ती कोरून काढत बसलेले दिसतात.