टोपी बाजारातले घर आणि बारावा हिस्सा

ग्वाल्हेरला महाराज बाड्यावर रिक्षा सोडली की पुढे टोपी बाजारात पायीच शिरावे लागते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या रांगा टांगलेल्या, आणि मधूनच हॉर्न वाजवीत एखादी मोटारसायकल घुसते. या गर्दीत दोन दुकानांच्या मधोमध एक निळे दार आहे. ते दिसायला नवख्या माणसाला दोनदा तरी फेरी मारावी लागेल. ते आमच्या घराचे दार. गेल्या कार्तिकात मी त्याचे कुलूप काढू लागलो, तर किल्ली फिरेना. खालच्या दुकानदाराने तेलाची कुपी पुढे केली आणि हसत विचारले, "भाईसाहब, अबकी बार बेच ही दोगे क्या?"

खरे म्हणजे हाच प्रश्न मनात घेऊन मी भोपाळहून आलो होतो.

ग्वाल्हेरात मराठी माणसाचे घर ही गोष्टच मुळात थोडी चमत्कारिक आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तळ म्हणजे आज ना उद्या हलणारी वस्ती. तंबू ठोकणाऱ्यांपैकी कितीजणांना वाटले असेल, की आपल्या नातवंडांच्या मुंजी इथेच लागतील? पण तंबूंची घरे झाली, घरांच्या आळ्या झाल्या आणि त्या शहराचे नावच लश्कर पडले. फालके बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ ही नावे उच्चारताना एक पाय सातारा-पुण्याकडे आणि एक पाय चंबळेकडे असल्यासारखे वाटते. आमच्या पूर्वजांनी परमुलखात घर केले आणि देशावरच्या घराला कुलूप लावले. त्या घराचे पुढे काय झाले, हे आज आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. वर जाताना जिन्यात हा विचार आला आणि मी क्षणभर थांबलो.

आमच्या घराची हकीकत साधी आहे. ते आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतले. खाली दुकान, वर तीन खोल्या आणि गच्ची. १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली, आणि नोकरीपाठोपाठ वडीलही तिकडे गेले. आजोबा १९६३ साली मृत्युपत्र न करता वारले. आजी त्याआधीच गेली होती. त्यानंतर काका तेथे राहत होते, तेही गेले. आता वर्षातून दोनदा मी जातो, खिडक्या उघडतो, जाळी काढतो आणि परत येतो. दादा चाळीस वर्षे न्यू जर्सीत आहे आणि तेथला नागरिक आहे. ताई पुण्यात असते.

यंदा एका व्यापाऱ्याने घराला चांगली किंमत सांगितली. दादा फोनवर म्हणाला, "अरे, टाक विकून! मी मुखत्यारपत्र पाठवतो, तू सही कर. दर वर्षी तू त्या गच्चीवर पैसे ओततोस." त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मालमत्ता कर, पाणीपट्टी, विजेचे किमान बिल आणि पावसाळ्याआधी गच्चीची डागडुजी यांची बेरीज केली, तर दुकानाच्या दोनशे चाळीस रुपये भाड्यातून कशीबशी कुलपाची किंमत सुटते. भाडे वाढवावे, तर दुकानदाराची वहिवाट आजोबांपासूनची. आणि १९६१ च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाखालचे खटले किती वर्षे चालतात, हे लश्करात कुणाला सांगावे लागत नाही.

पण कागदांची पेटी उघडली आणि किमतीचा प्रश्न मागे पडला. पालिकेच्या नोंदीत नाव आजोबांचेच होते. भाड्याच्या पावत्याही आम्ही त्यांच्याच नावाने फाडत आलो होतो. साठ वर्षांत नामांतरणाचा अर्ज कुणी केलाच नव्हता. दोष कचेरीचा नव्हे, आमचाच. प्रत्येकाला वाटत होते, की दुसऱ्या कुणी तरी केला असेल.

एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पाटीवर गणित मांडावे तसे समजावले. आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले. म्हणून त्यांच्या स्वकष्टार्जित घराचे चार सारखे वाटे झाले : वडील, काका आणि दोन आत्या. वडिलांच्या चौथ्या हिश्शाचे आम्हा तीन भावंडांत तीन भाग. म्हणजे दादा घराच्या बाराव्या हिश्शाचा मालक, मीही बाराव्याचा, आणि ताईही. आम्ही जे "आमचे घर" म्हणून विकायला निघालो होतो, त्यातले तीन चतुर्थांश काका आणि आत्यांच्या मुलांचे होते. आणि आत्यांकडे तर कुणी विषयही काढला नव्हता.

दादाच्या बाराव्या हिश्शाचे नियम वेगळेच. ज्यांची मुले परदेशी आहेत, अशा घरांनी ते जाणून घ्यावेत. वारशाने आलेले घर परदेशस्थाला ठेवता येते. राहते घर विकतही घेता येते, शेतजमीन मात्र नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे, किंवा नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल घ्यावे, आणि ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावावा. ज्याला मुखत्यार नेमले, तो मालक होत नाही, हेही ध्यानात असावे. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

करांचेही तसेच. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. जुन्या घराबाबत महागाई निर्देशांक धरून वीस टक्क्यांनी कर मोजण्याची मुभा येथल्या रहिवाशाला आहे, परदेशस्थाला नाही. नफा मोजताना फार जुन्या घराची १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत धरता येते. तेव्हा मूल्यांकनाचा कागद करून ठेवावा. परदेशस्थ विक्रेत्याला पैसे देतानाच खरेदीदाराने कर कापायचा असतो. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून आधी घेतला नाही, तर ही कपात नफ्याऐवजी सगळ्या रकमेवर होऊन बसते. कर भरल्यावर उरलेले पैसे एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. आमच्या बाराव्या हिश्शाला ही मर्यादा ऐकून वकीलही हसले.

त्या रात्री गच्चीवर बसून ताईला फोन केला. किल्ला काळोखात आडवा पसरला होता, खाली बाजार शटर ओढीत होता. मी तिला हिशेब सांगितला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला पैसे नकोत रे. सही मागितलीस तर डोळे मिटून देईन. पण आत्यांना कुणी विचारले नाही, आणि उद्या मलाही असेच कुणी विचारणार नाही, याचे वाईट वाटते."

या वाक्याने माझा व्यवहार त्या रात्री तरी थांबला.

दुसऱ्या दिवशी बाड्यावर फिरलो. व्हिक्टोरिया मार्केटची इमारत २०१० साली आगीत जळाली होती. कित्येक वर्षे ती काळवंडलेली पाहिली होती. २०२४ पासून तेथे भूवैज्ञानिक संग्रहालय आहे. जुन्या वास्तूला नवे काम मिळू शकते. पण त्यासाठी तिची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते.

घर आम्ही विकलेले नाही. विकणारच नाही, असेही नाही. व्यापाऱ्याला एक वर्ष थांबायला सांगितले. आत्यांच्या मुलांना पत्रे लिहिली. त्यांतल्या एकाचे उत्तर आले, की टोपी बाजारात आपलाही वाटा आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. मृत्यूचे दाखले गोळा होत आहेत, नामांतरणाचा अर्ज तयार आहे, आणि जमीन नजूलची की खासगी, याचा उतारा काढायचा आहे. एक वही केली आहे : खर्च कोणी केला आणि कोणाचा किती वाटा, हे दर दिवाळीला सगळ्यांना कळवायचे. दादाने प्रथम कुरकुर केली. मग मुखत्यारपत्र पाठवले, पण विक्रीचे नव्हे, नामांतरणापुरते. सोबत चिठ्ठी होती : "आधी आत्यांची नावे लाव. माझे शेवटी."

वाचकांपैकी पुष्कळांचे असे एखादे दार इंदुरात, बडोद्यात, झाशीत किंवा तंजावरात असेल. या दिवाळीला फराळ झाल्यावर कागदांची पेटी एकदा खाली काढावी आणि नोंदीत कुणाचे नाव आहे ते पाहावे. आमच्या निळ्या दाराच्या आता तीन किल्ल्या केल्या आहेत. एक माझ्याकडे आणि एक खालच्या दुकानदाराकडे आहे. तिसरी धाकट्या आत्याच्या मुलीने मागून घेतली.