तुले काय वाट्टे?

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, जन्मले. या मातीत वाढल्यामुळे चिकित्सक बुद्धीचा वारसा आम्हांस अनायासेच लाभला आहे, असा आमचा पुष्कळ वर्षे समज होता. त्यात इंग्रजी वाङ्मयाची पदवी आणि प्राध्यापकी! ज्या मताला कोणी हरकत घेत नाही ते निर्जीव होऊन पडते, हे मिल्लने १८५९ साली लिहिले. आम्ही ते दरवर्षी त्याच शब्दांत विद्यार्थ्यांस सांगत आलो आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. यातला विनोद आमच्या ध्यानी यावयास वडिलांचा मृत्यू घडावा लागला.

भाऊबंद तेरवीची यादी करू लागले. खर्च ऐपतीबाहेरचा होता. आम्ही ओसरीवर एक व्याख्यानच झोडले. प्रथम मिल्ल आणला. मग मुलीच्या बारशाला बोकड व दारू यांची रीत मोडून गोडाची पंगत घालणारा डेबूजी आणला. मंडळी निमूट ऐकत होती. आई तेवढी म्हणाली, "हे सायबाचं झालं, बाबाचंबी झालं. तुले काय वाट्टे, ते सांग."

आम्ही निरुत्तर झालो. बाबांचे कीर्तन म्हणजे तरी काय होते? ते प्रश्न टाकीत आणि उत्तर समोरच्या अडाणी माणसाकडूनच वदवून घेत. बारशाच्या दिवशी डेबूजीजवळ ग्रंथ नव्हता, पदवी नव्हती. दारूपायी गेलेला बाप मात्र ठाऊक होता. तेवढ्या आधारावर तो साऱ्या जातगंगेसमोर उभा राहिला. आम्ही मात्र एका प्रमाणाच्या जागी दुसरे प्रमाण बसविले होते, इतकेच.

मग आम्हांस आठवले ते सांगितले. आजोबांच्या तेरवीचे कर्ज वडील पानमळ्याच्या उत्पन्नातून फेडीत होते, आणि आमच्या बहिणीची शाळा त्याच वर्षांत सुटली. यावर कोणी वाद घातला नाही. एका वृद्ध काकांनी यादीची घडी करून खिशात घातली.

तेरवी झाली नाही. दहावा मात्र केला. नदीकाठी पिंड ठेवला, तेव्हा कावळ्याची वाट आम्ही इतर भावांइतक्याच व्याकुळतेने पाहत होतो. तो लवकर आला, आणि आम्हांस हायसे वाटले.