पोटात पाय, पोटात जातं

'गोगलगाय नि पोटात पाय' हे आपण साळसूद माणसाला म्हणतो. प्राणिशास्त्राने या वर्गाचं नावच तसं ठेवलंय: गॅस्ट्रोपॉड, ग्रीकमध्ये 'पोट-पाय'.

*

न्यूझीलंडची फिलिन ऑरिफॉर्मिस ही समुद्री गोगलगाय पांढरट, बुळबुळीत. कवच आहे, पण कातडीखाली, पापुद्र्यासारखं. १९९२ साली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सापडली. आली बहुधा जहाजाच्या पोटातल्या पाण्यातून. रिकामं जहाज तोल राखायला ते भरून घेतं. दिसायला गरीब, पण गाळात शिरून बारक्या शिंपल्या अख्ख्या गिळते. तिसऱ्या एकशिपी करायला आपल्याला विळी लागते. हिच्या पोटातच चुन्याच्या तीन चकत्यांचं जातं. माशाने तोंड घातलं तर कातडीतून आम्ल सोडते.

*

ती खाते त्या शिंपल्या तरी तिथल्या आहेत का? काही आहेत. पण जेम्मा जेम्मा ही इवलीशी शिंपली मूळची अटलांटिकची. १८६९ साली रेल्वे अमेरिकेच्या आरपार गेली, पूर्वेची कालवं पश्चिमेला येऊ लागली, त्यांच्यासोबत हीही. उत्तरेकडच्या बोडेगा बंदरात ती कित्येक दशकं गुमान होती. मग युरोपातला हिरवा खेकडा आला, त्याने तिथल्या न्युट्रिकोला शिंपल्या फस्त केल्या आणि जेम्मा फोफावली. पाव्हणा पाव्हण्याच्या ताटात! भूमिपुत्र विरुद्ध उपरे अशी सरळ कुस्ती मला तरी इथे दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्को खाडीत १९६१ ते १९९५ या काळात सरासरी दर १४ आठवड्यांनी एक नवा उपरा जीव रुजला.

*

जपानची हॅलोआ जॅपोनिका ही समुद्री गोगलगाय शाकाहारी. त्याच खाडीत तीही पोचली. शिकार नाही, पण अंगात परजीवी. २००५ साली अलामेडाच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरलेल्यांना खाज सुटली ती त्यानेच.

*

प्ल्युरोब्रँकिया मॅक्युलाटा ही खादाड गोगलगायबाई २००९ साली अर्जेंटिनात, मार देल प्लाताला दिसली आणि दक्षिणेकडे सरकत गेली. त्याच वर्षी तिच्या माहेरी, ऑकलंडच्या किनाऱ्यांवर, तिला तोंड लावलेली कुत्री दगावली. अंगात फुग्या माशाचंच विष. माहेरीही ती काही साधी नव्हती.

*

मुंबई बंदरातही मध्य अमेरिकेकडची मायटिलॉप्सिस शिंपली कधीच बस्तान बसवून आहे. जहाजाच्या पोटातल्या पाण्यावर सप्टेंबर २०१७पासून आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. बुडाला चिकटून येणाऱ्यांसाठी मात्र फक्त मार्गदर्शक सूचना, सक्ती नाही.